खालच्या मजल्याचा ब्रेकर

भाऊंनी एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपरची नोकरी केली. कोण आठ वाजून चार मिनिटांनी आला, कोणाची आजी एका वर्षात तिसऱ्यांदा वारली, कोण जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेला तो चहाच्या सुट्टीलाच उगवला, या सगळ्याची नोंद त्यांच्या वहीत असायची. निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, पण सवय सुटली नाही. त्यामुळे खालच्या मजल्यावरचा ब्रेकर पडायला लागला तेव्हा त्यांनी दोनशे पानी कोरी वही काढली, पट्टी घेतली आणि रकाने आखले. तारीख. वेळ. त्या वेळी काय काय चालू होतं. घरात कोण कोण होतं. किती वेळाने पुन्हा बसला. शेरा.

घर दोन मजली. खाली थोरला भाऊ दादा आणि वहिनी, वर भाऊ आणि त्यांची बायको. मध्ये अठरा पायऱ्यांचा, खिडकी नसलेला जिना. भाऊ सहासष्ट वर्षांचे झाले, पण या सहासष्ट वर्षांत दादा त्यांच्यापासून एका जिन्यापेक्षा लांब कधी राहिला नव्हता. एकदा भाऊंची बदली होणार होती, तर त्यांनी बढतीच नाकारली. साहेबांना कारण दिलं पाणी मानवत नाही. अजून त्या गावचं पाणी त्यांनी चाखलेलं नाही.

या थंडीत दादांच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, दुपारी तीन तास आणि संध्याकाळपासून पुढे. दादांची मुलगी चिमी धावत आली. चिमी म्हणजे आता बेचाळीस वर्षांची, मोठ्या दवाखान्याची व्यवस्था बघणारी, शंभर माणसांना कामाला लावणारी बाई. पण चिमीच. तिने मशीन आणलं, आणि ते लावायच्या आधी मीटरच्या पेटीत नवा ब्रेकर बसवून घेतला. कुठे वीज गळाली, कोणाला झटका बसला, तर पापणी लवायच्या आत सगळं बंद करणारा. "बाबांच्या नाकाशी नळी आणि हाताशी वायर," ती म्हणाली, "मला धोका नको."

चिमी परत गेली आणि तिसऱ्या दिवशी ब्रेकर पडला. मग रोज पडायला लागला. कधी एकदा, कधी चारदा.

तो पडला की खाली अंधार व्हायचा, मशीन कर्कश शीळ घालायचं आणि दादा म्हणायचे, "बोंबललं." वहिनी चाचपडत पेटीशी जायच्या, खटका वर करायच्या. कधी पहिल्या झटक्यात बसायचा. कधी वर केला की पडायचा, वर केला की पडायचा, वीस-वीस मिनिटं. शेजारी लहान सिलिंडर भरून ठेवलेला होता, त्यामुळे दादांचा श्वास अडला नाही. पण एका संध्याकाळी चिमीचा फोन चालू असतानाच शीळ वाजली.

"आई, ते काय वाजतंय?"

वहिनींना खोटं बोलता येत नसे. चिमीने सगळं ऐकून घेतलं आणि शांत आवाजात म्हणाली, "मी शनिवारी येते. तोवर हे थांबलं नाही तर तुम्हा दोघांना घेऊन जाते. खोली रिकामी आहे, दवाखाना खाली आहे. यात मला चर्चा नको."

ही बातमी वहिनींनी भाऊंना सांगितली तेव्हा ते उभे होते ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. मग उठून म्हणाले, "शनिवारला पाच दिवस आहेत. चोर पकडतो."

पहिला संशय फ्रिजवर आला. म्हातारा होता, आवाज करायचा, आणि वहीत सात वेळा हजर होता. भाऊंनी त्याचा प्लग काढला, दूध-भाजी वरच्या फ्रिजमध्ये नेली. ब्रेकर त्याच संध्याकाळी पडला. मग इस्त्रीवर बंदी आली. मग मिक्सरवर. मग टीव्हीवर, तेव्हा मात्र वहिनी चिडल्या.

"भाऊजी, टीव्हीने काय केलंय? त्या दिवशी तो बंद होता."

"बंद होता, पण प्लग होता."

"मग मलाही काढून ठेवा एखाद्या कोपऱ्यात. मीसुद्धा दर वेळी घरात असते."

"वहिनी, तुमचं नाव आहेच रकान्यात," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

दादा नळीतून हसले आणि मग बराच वेळ खोकले. भाऊ उभ्या उभ्या घाबरले. त्यांना दादांच्या हसण्याची चोरी झाली होती. जन्म त्या माणसाला हसवण्यात गेला आणि आता हसवलं की दम लागायचा.

बुधवारी वायरमन आला. घर बांधलं तेव्हा याच माणसाने वायरिंग केलं होतं. तेव्हा तो शिडीवर उड्या मारत चढायचा, आता चष्मा कपाळावर आणि पाठीला पट्टा. त्याने पेटी उघडली, एकेक खोलीची लाइन सोडवली, मीटर लावून तपासली, पुन्हा जोडली. अडीच तास. भाऊ त्याच्या खांद्यामागे वही धरून उभे. ब्रेकर गरीब गाईसारखा जागचा हलला नाही.

"माझ्यासमोर पडतच नाही, टाइमकीपर."

"तुझी पाठ वळली की पडेल. आमच्याकडचे कामगार असेच होते."

वायरमन गेला. भाऊ वर गेले, चहा घेतला, आणि दादा बरा आहे ना म्हणून पुन्हा खाली निघाले. सातव्या पायरीवर होते तोच जिन्यातल्या दिव्याने एकदा डोळा मारला आणि खालून शीळ आली.

"गेली!" भाऊ अंधारातून ओरडले.

"आम्हाला दिसतंय!" खालून वहिनी.

शेऱ्याच्या रकान्यात भाऊंनी लिहिलं होतं: 'ब्रेकर पडताना जिन्यातला दिवा क्षणभर उजळून विझतो.' हे त्यांनी बारा वेळा लिहिलं होतं, आणि खाली 'वरीलप्रमाणे' अशा खुणा केल्या होत्या. पण त्याबद्दल ते कोणाशी बोलले नव्हते, कारण त्यात त्यांचं एक गुपित अडकलं होतं. जिन्यातला दिवा त्यांच्या हिशेबाने त्यांच्या मीटरवर होता. मग खालची वीज गेली की तो का विझावा? भाऊंनी यातून एकच अर्थ काढला. दादाने आपल्याला न विचारता, गुपचूप, तो दिवा कधीतरी स्वतःच्या मीटरवर घेतला. थोरलेपणा केला. याचा त्यांना राग आला होता, पण आजारी माणसाशी दिव्यावरून कोण भांडणार?

आणि शनिवार जवळ यायला लागला तशा भाऊंच्या फेऱ्या वाढल्या. आधी दिवसाला चार व्हायच्या, त्या आठ झाल्या, दहा झाल्या. दादाला पाणी हवंय का. मशीनचा काटा बरोबर आहे ना. काही नाही, सहज आलो. जेवढ्या फेऱ्या वाढल्या तेवढा ब्रेकर जास्त पडायला लागला, आणि तो जास्त पडतो म्हणून भाऊ आणखी फेऱ्या घालायला लागले. शुक्रवारी सहा वेळा पडला.

"पांढऱ्या पायाचा आहेस तू," दादा म्हणाले. "तू आलास की अंधार येतो."

"मी अंधार होतो म्हणून येतो. मी येतो म्हणून अंधार होत नाही."

"तेच म्हणतोय मी. एवढ्या लवकर कसा येतोस?"

भाऊंना वाटलं, हे आपलं कौतुक आहे.

शनिवारी चार वाजता चिमी आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात दोन मोठ्या बॅगा. त्या बॅगा तिने सहज एका बोटाने उचलल्या होत्या, म्हणजे रिकाम्या होत्या. भाऊंची नजर त्या बॅगांवरून हलेना. रात्री आठची गाडी होती, तीन तिकिटं काढलेली.

"काका, अशा चेहऱ्याने बघू नका. मी काही तुमचा भाऊ पळवून नेत नाही."

"नाही कसं? बॅगेत घालूनच नेतेयस."

चिमीने हसू दाबलं. मग तिने वही मागितली. भाऊंनी ती दोन्ही हातांनी दिली. चिमीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, एखाद्या वॉर्डाचं रजिस्टर तपासावं तशी, बोट फिरवत. घरात कोण: दादा, वहिनी. दादा, वहिनी. दादा, वहिनी, दूधवाला. दादा, वहिनी.

"एकेचाळीस वेळा पडला," ती म्हणाली.

"बेचाळीस. सकाळचा अजून पक्का करायचाय."

"आणि प्रत्येक वेळेची मिनिटासकट नोंद आहे. म्हणजे प्रत्येक वेळी तुम्ही तिथे होतात."

"होतोच. अर्ध्या मिनिटात हजर."

"मग तुमचं नाव कुठंय?"

भाऊंना प्रश्नच कळला नाही. "माझं कशाला? मी लिहिणारा."

एकतीस वर्षं त्यांनी सगळ्या कारखान्याची हजेरी मांडली होती आणि स्वतःची कधी मांडली नव्हती. टाइमकीपर आला नसता तर फाटकच उघडलं नसतं, तेव्हा त्याला कोण विचारणार? चिमी मात्र त्यांच्याकडे अशी बघत राहिली की भाऊ चुळबुळ करायला लागले.

"त्या वायरमनला बोलवा," ती म्हणाली. "आणि काका, आज तुम्ही फक्त ये-जा करायची. लिहायचं मी."

सहा वाजता वायरमन पेटीसमोर स्टूल टाकून बसला. खालचं दार लावलं, जिना काळोखा झाला. भाऊंना वर पाठवलं. पाच मिनिटांनी, घसा खाकरून, ते नेहमीसारखे खाली निघाले. सातवी पायरी, दिव्याने डोळा मारला, खटका पडला, शीळ.

"पडला!" वायरमन स्टुलावरून उठला. "माझ्या डोळ्यांदेखत पडला!"

"योगायोग असेल," भाऊ म्हणाले.

मग चिमी स्वतः वर गेली आणि खाली आली. काही झालं नाही. वहिनींना पाठवलं. काही नाही. पुन्हा भाऊ. सहावी पायरी, खट.

वायरमनने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि भाऊंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे. वायर गळताना पाहिली, गिझर गळताना पाहिला. गळका माणूस पहिल्यांदा पाहतोय."

"मी म्हणत नव्हते?" वहिनी म्हणाल्या. "भाऊजींच्या अंगातच करंट आहे. लहानपणापासून एका जागी बसत नाहीत."

"अहो, पण मी पेटीला हात लावत नाही! भिंतीलासुद्धा लावत नाही!" भाऊंचा आवाज चिरकला. सगळे हसत होते. घड्याळात सव्वासहा वाजले होते. दोन तासांत गाडी होती, आणि आता तर दादाला नेण्याचं कारणही चिमीला सापडलं. दोष घरात नव्हता, मशीनमध्ये नव्हता. त्यांच्यात होता. "चिमे," ते हळूच म्हणाले, "मी यायचा थांबलो तर? म्हणजे दिवसातून एकदाच आलो, तर राहतील का हे इथे?"

हसणं थांबलं. दादांनी नाकाची नळी नीट केली आणि ते भिंतीकडे बघत बसले.

"काका, वर जा," चिमी म्हणाली. "मीही येते. मी काकूंजवळ थांबते. तुम्ही मी सांगेन तेव्हा निघा."

भाऊ गेले, आणि तिने खूण केल्यावर पुन्हा खाली निघाले. या वेळी ते पायऱ्या अशा उतरत होते जणू प्रत्येक पायरीखाली फटाका पुरलाय. चार. पाच. सहा. दिव्याने डोळा मारला, खाली खट झालं, आणि वरून चिमीची आरोळी आली.

"काकू! हात तिथेच ठेवा! हलवायचा नाही!"

सगळे वर धावले, दादा सोडून. स्वयंपाकघराच्या दाराशी भाऊंची बायको उभी होती, एका हातात झारा, दुसरा हात दाराआडच्या बटणावर. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

"अगं, तू काय करतेयस?"

"दिवा लावतेय," ती म्हणाली. "तुम्ही लावू देत नाही म्हणून असा लावतेय. अठरा पायऱ्या पाठ आहेत म्हणता आणि मागच्या महिन्यात दोन पायऱ्या विसरलात. घोटा सुजला तो कोणी शेकला? तेव्हापासून उतरताना तुमच्या चपला वाजल्या की बटण दाबते, आवाज थांबला की बंद करते. कधी भाजी लागायला आलेली असते, मग बंद करायचं राहून जातं."

"राहून जातं, तेव्हा खटका वीस मिनिटं बसत नाही!" चिमीने वहीवर बोट आपटलं.

"पण इथून जिना दिसत नाही ना मला. मला वाटायचं, दिवा लागतोय. हे सुखरूप उतरतायत."

बारा वेळा भाऊंनी त्या दिव्याची नोंद केली होती, आणि दर वेळी त्यांना वाटलं होतं की ब्रेकर पडतो म्हणून दिवा असा करतो. घोड्यापुढे गाडी बांधून ते पंधरा दिवस चाबूक ओढत होते.

"पण वरच्या दिव्याने खालचा ब्रेकर का पडावा?" चिमीने विचारलं.

मग तिच्या लक्षात आलं की वायरमन हळूहळू जिन्याकडे सरकतोय.

"तुम्ही थांबा."

वायरमन थांबला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताई, सतरा वर्षं झाली. मी शब्द दिला होता. दोघांना."

मग तो सगळ्यांना खाली दादांच्या पलंगाशी घेऊन आला आणि तिथे उभं राहून त्याने कबुली दिली. दोन मजल्यांना दोन मीटर बसवले, तेव्हा जिन्यातल्या दिव्याचा प्रश्न आला. आधी दादांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, जिना माझ्या दारातून निघतो, दिवा माझ्या मीटरवर टाक, धाकट्याला सांगू नकोस. अर्ध्या तासाने भाऊंनी कोपऱ्यात घेतलं. म्हणाले, जिना फक्त माझ्याकडे जातो, दिवा माझ्या मीटरवर टाक, दादाला कळू देऊ नकोस. दोघांनीही शपथ घातली.

"मी काय करणार? मी येणारी वायर वरून घेतली आणि परत जाणारी खाली जोडली. म्हटलं, दोघांचाही शब्द राहिला. दिवा सतरा वर्षं लागला ना? पण हा नवा ब्रेकर कडक आहे. याचं एकच काम. जेवढी वीज माझ्या दारातून गेली, तेवढीच परत आली पाहिजे. वरून निघालेली वीज याच्या दारात येऊन उभी राहिली की हा म्हणतो, ही कोण पाहुणी? मी हिला पाठवलीच नव्हती. आणि दार आपटतो."

दादा आणि भाऊ एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

"म्हणजे तू सतरा वर्षं मला फसवलंस," दादा शेवटी म्हणाले.

"तू कोणतं कमी केलंस?"

"मी थोरला आहे."

"दिवा माझ्या पायांसाठी आहे!"

"पाय तुझे, पण येतात कोणाकडे?"

"बाबा, दम लागेल," चिमी म्हणाली. मग वायरमनकडे वळली. "आता नीट कसं होईल?"

"वीस मिनिटांचं काम. परतीची वायर काढून वरच्यालाच जोडतो. दिवा पूर्ण वरचा. ताई, तसंच बरं. खालची वीज गेली तरी जिना उजेडात राहील."

भाऊंनी विजयी चेहऱ्याने दादांकडे बघितलं. दादा पडल्या पडल्या विचार करत होते. चिमी खिडकीशी जाऊन उभी राहिली. बॅगा तिच्या पायाशी होत्या.

"ब्रेकरचं कळलं," ती पाठमोरी म्हणाली. "पण मला भीती ब्रेकरची नव्हती, आई. बाबांना संध्याकाळी दम लागला, तू अंगणात असलीस, हाक मारायला यांच्या छातीत वाराच नसला, तर कोणाला कळणार? तिथे मी निदान भिंतीपलीकडे असेन."

भाऊंनी जिन्याकडे बघितलं. अर्ध्या मिनिटात येतो, हे खरं. पण हाक आली तर.

"ए वायरमन," दादा म्हणाले. आवाज बारीक होता, पण थोरल्याचा होता. "दिवा याचा. ठीक. हरलो मी. पण त्याचं एक बटण इथे आण. माझ्या उशाशी. हात पुरेल असं."

"दोन्हीकडून लागेल असं? होईल की."

"हा वर दार उघडं टाकून जिन्याकडे तोंड करून बसेल. बसशील ना रे? मी दिवा लावला की खाली यायचं. ओरडायला नको, फोन नको. एक बोट पुरे."

"बसेन," भाऊ म्हणाले. "खुर्ची आत्ताच फिरवतो."

चिमी वळली. तिने पलंगापासून दारापर्यंत नजर टाकली, मग जिन्याकडे, मग काकांकडे. शंभर माणसांना कामाला लावणाऱ्या बाईच्या डोक्यात काहीतरी मोजमाप चाललं होतं.

"दोन वेळ फोन करीन," ती म्हणाली. "मशीनला बॅटरी पाठवते, ती बसवायची. आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघणार. तेव्हा मला न आवडलं तर नेणार. तेव्हाही चर्चा नको."

"नको," भाऊ घाईने म्हणाले. "अजिबात नको."

पावणेसातला वायरमन भिंतीवर वायर ठोकत होता. साडेसातला चिमीने रिकाम्या बॅगा एकीत एक घातल्या. निघताना ती वडिलांच्या पलंगाशी वाकली, आणि भाऊ वर जाऊन खुर्ची फिरवायला लागले. खुर्ची जेमतेम टेकली असेल तोच जिना लख्ख उजळला.

भाऊ अठराच्या अठरा पायऱ्या धडधडत उतरले. मशीन सुरळीत चालू होतं. चिमी दारात थांबलेली. दादा बटणावर बोट ठेवून, एकदम निवांत.

"काय झालं? दम लागला?"

"नाही रे. चालतं का बघितलं."

"हे तू वायरमन होता तेव्हा बघितलंस ना!"

"तेव्हा तू खालीच होतास," दादा म्हणाले. "खाली असताना तू येतोस की नाही, कसं कळणार?"